टालरच्या माहेरी

माझे आजोबा मुंबईच्या टांकसाळीत कामाला होते. दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 च्या सुमाराला, फोर्टातल्या त्या टांकसाळीत एका परक्या राणीची टालर नावाची चांदीची नाणी पडत होती. चेहरा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा आणि साल 1780, म्हणजे ती वारली ते वर्ष. इथिओपियापासून अरबस्तानापर्यंतच्या बाजारात व्यापारी याच नाण्यावर विश्वास ठेवत, साल बदललं तर हात लावत नसत. म्हणून राणी गेल्यावरही साल तेच राहिलं. 1935 मध्ये इटलीने हे नाणं पाडायचा हक्क व्हिएन्नाकडून मिळवला. तेव्हा ब्रिटिशांनी लंडनला स्वतःचे ठसे करून घेतले, आणि पुढे युद्धासाठी इथिओपियात पैसा लागला तसं हे काम मुंबईत आलं.

युद्ध संपल्यावर आजोबांनी सराफाकडून तसलं एक नाणं विकत घेतलं. आजी त्याला राणीचा रुपया म्हणायची. वजन 28 ग्रॅमच्या किंचित वर, त्यात शुद्ध चांदी 23.39 ग्रॅम. राणीच्या खांद्याखाली बारीक अक्षरं आहेत, एस आणि एफ. ती श्योब्ल आणि फाबी या दोन अधिकाऱ्यांची. ते होते ग्युन्झबुर्गच्या टांकसाळीत, आणि ते गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलं तरी आज जर्मनीत, बव्हेरियात आहे. म्हणजे मुंबईत जन्मलेल्या या नाण्याच्या अंगावर जर्मन गावाची खूण आहे. आणि त्याचं नाव, टालर, तेही जर्मन.

या नावाचं गाव बघायचं हे मी बँकेतून निवृत्त होण्याआधीच ठरवलं होतं. भाचा बर्लिनला नोकरीला आहे. त्याने आठ दिवस सुट्टी काढली, मी सुपारीच्या जुन्या चंचीत ते नाणं गुंडाळलं आणि निघाले.

दिवस पहिला, शनिवार : बर्लिन

सकाळी उतरले. आंघोळ, भाच्याने केलेले पोहे, आणि दुपारी लगेच बाहेर. शनिवार-रविवारी बोडे संग्रहालयाच्या बाजूला कालव्याच्या कडेने जुन्या पुस्तकांचा आणि वस्तूंचा बाजार भरतो. नाण्यांची टेबलं चार-पाच तरी होती.

पहिल्या टेबलावर एका डब्यात पूर्व जर्मनीची सुटी नाणी होती. मूठभर घेतली तरी हाताला वजन लागेना, कारण सगळी ॲल्युमिनियमची. त्यात 20 फेनिगचं (शंभर फेनिगचा एक मार्क) तेवढं पितळी. भाच्याने विचारलं, "मावशी, हेच एक वेगळं का?" सार्वजनिक टेलिफोनमध्ये हे नाणं टाकावं लागे, आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या चकतीवर ते यंत्र नीट चालत नसे. म्हणून 1969 पासून ते पितळेचं झालं.

दुसऱ्या टेबलावरून मी एका युरोला 1923 चं 200 मार्कांचं नाणं घेतलं. तेही ॲल्युमिनियमचंच. त्या वर्षी नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. 200 मार्कांचं नाणं पाडायचं ठरलं तेव्हा त्याला थोडी तरी किंमत असावी, पण वर्ष संपेपर्यंत ते लहान मुलांच्या खेळण्यात जमा झालं. नोव्हेंबरात रेंटनमार्क हे नवं चलन आलं तेव्हा जुने एक लाख कोटी मार्क देऊन नवा एक मिळाला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा आकडा वाचताना पोटात कालवतं. कुणाची तरी आयुष्यभराची ठेव त्या बारा शून्यांत गेली आहे.

नाणं उलटलं तर गरुडाभोवती अक्षरं होती : आइनिगकाइट उन्ट रेख्ट उन्ट फ्रायहाइट. एकता, न्याय आणि स्वातंत्र्य. जर्मन राष्ट्रगीतातले शब्द. भाच्याने खिशातून दोन युरोचं नाणं काढून त्याची कड माझ्या चष्म्यासमोर धरली. तेच शब्द कडेवर कोरलेले. मधल्या शंभर वर्षांत या देशावर काय काय गुजरलं, आणि शब्द तेच राहिले. मी ते नाणं कितीतरी वेळ हातात फिरवत होते.

मग आम्ही त्याचं सगळं पाकीट रिकामं केलं. जर्मन युरो नाण्यांवर एक अक्षर असतं : ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूह, जे हाम्बुर्ग. ही पद्धत 1871 नंतरच्या साम्राज्याच्या नाण्यांपासूनची. मधली अक्षरं त्या त्या टांकसाळी बंद झाल्या तशी गळाली. बी हानोव्हर, सी फ्रँकफुर्ट, एच डार्मश्टाट. ई हे अक्षर पूर्वेकडच्या सॅक्सनी प्रांताचं, ते पुढच्या प्रवासात भेटणार होतं.

शेवटच्या टेबलावर मला रुपया दिसला. खरोखर रुपया. शिरस्त्राण घातलेला जर्मन सम्राट विल्हेल्म दुसरा, आणि मागे जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीचं नाव. झांझिबार आणि समोरच्या किनाऱ्यावर आपल्या व्यापाऱ्यांमुळे हिंदुस्थानचा रुपया आधीपासून चालत होता. जर्मनांनी तिथे पाय रोवल्यावर 1890 पासून त्याच वजनाचा, त्याच कसाचा स्वतःचा रुपया पाडला. त्याचे 64 पेसा होत, आपल्या रुपयाचे 64 पैसे तसे. विक्रेत्याला मी हे सांगितलं तर त्याने खुर्ची पुढे केली. नाणं मात्र मी घेतलं नाही, त्याची किनार घासलेली होती आणि चांदी कुणीतरी पावडरने चकचकीत केली होती. जुनं नाणं असं घासलं की त्याच्यावरचा काळ निघून जातो आणि तो परत चढत नाही. नव्याने नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगते.

दिवस दुसरा, रविवार : बोडे संग्रहालय

बर्लिनच्या म्युन्झकाबिनेटमध्ये, म्हणजे नाणे संग्रहात, पाच लाखांहून जास्त वस्तू आहेत. मांडलेली त्यातली काही हजारच, पण तेवढ्याने दिवस संपला.

भाच्याला आधी चोरी कुठे झाली ते बघायचं होतं. इथे 100 किलो शुद्ध सोन्याचं कॅनडाचं एक नाणं ठेवलेलं होतं, 53 सेंटिमीटर रुंद. 27 मार्च 2017 च्या पहाटे चोर शेजारच्या रेल्वे पुलावरून शिडी लावून खिडकीतून आत आले आणि ते घेऊन गेले. चोर पकडले गेले, त्यांना शिक्षाही झाली, नाणं मात्र मिळालं नाही. बहुधा वितळवलं गेलं असावं.

माझा वेळ गेला तो ब्राक्टेआटांपुढे. बाराव्या-तेराव्या शतकातली ही चांदीची नाणी एकाच बाजूने ठोकलेली असतात. पत्रा इतका पातळ की मिठाईवरच्या वर्खाची आठवण व्हावी. ठशाचं चित्र मागच्या बाजूला उलटं खोल उमटतं. ब्राउनश्वाइगच्या हाइनरिश ड्यूकचा सिंह, सिंहासनावरचे बिशप, किल्ल्यांचे बुरूज, सगळं एवढ्याशा चकतीत. मला तरी युरोपातल्या मध्ययुगात याहून सुंदर नाणी दिसलेली नाहीत.

पण या सौंदर्यामागे एक जाच होता. राज्यकर्ते ठरावीक काळाने जुनी नाणी रद्द करत आणि ती टांकसाळीत आणून नव्याने बदलून घ्यायला लावत. माग्डेबुर्गचे आर्चबिशप विखमान यांच्या काळात हे वर्षातून दोनदा चाले. बारा जुनी द्यायची, नऊ नवी घ्यायची. उरलेली तीन म्हणजे कर. 2016 च्या नोव्हेंबरात मी काउंटरच्या आतल्या बाजूला होते, समोरची रांग माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या माग्डेबुर्गच्या बाजारातली रांग मला लगेच दिसली.

दिवस तिसरा, सोमवार : ड्रेस्डेन

गाडीने दोन तास. ड्रेस्डेनच्या राजवाड्यातला नाणे संग्रहही मोठा, सुमारे तीन लाख वस्तूंचा. इथे मला टालर समजला.

पंधराव्या शतकापर्यंत मोठ्या व्यवहाराला सोन्याचा गुल्डन असे आणि बाजाराला छोटी चांदीची नाणी. सोनं अपुरं पडू लागलं, तिकडे आल्प्समध्ये आणि सॅक्सनीत चांदी भरपूर निघू लागली. मग ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये हाल गावी 1486 मध्ये एका सोन्याच्या गुल्डनएवढ्या किमतीचं चांदीचं नाणं पाडलं गेलं. किंमत तेवढी, म्हणून चांदी जास्त, म्हणून आकार मोठा. सॅक्सनीने 1500 मध्ये तसंच नाणं सुरू केलं. त्यावर सॅक्सनीचा राज्यकर्ता शहाणा फ्रीडरिश आणि त्याच्या घराण्यातले ड्यूक आहेत, आणि ड्यूकांच्या दुमडत्या कडांच्या टोप्यांवरून संग्राहक त्याला टोपीवाला टालर म्हणतात. मात्र 1500 मध्ये टालर हा शब्दच नव्हता. तो वीस वर्षांनी आला, आणि तो जिथून आला तिथे आम्ही शुक्रवारी पोचणार होतो.

नाण्याचा आकार मोठा झाला म्हणून नियत सुधारली असं नाही. 1618 मध्ये तीस वर्षांचं युद्ध पेटलं. सैन्याला पैसा हवा होता, म्हणून राजे-सरदारांनी छोट्या नाण्यांत तांबं वाढवत नेलं, टांकसाळी भाड्याने दिल्या. 1619 ते 1623 या काळाला जर्मन लोक किपर आणि विपरचा काळ म्हणतात. तराजूचं पारडं झुकवायचं आणि झुलवायचं, त्यावरून हे नाव. सराफ चांगली, जड नाणी निवडून काढत, वितळवत, आणि लोकांच्या हातात लालसर तांब्याच्या चकत्या उरत. मोठा टालर तसाच चांगला राहिला, पण तो गरिबाच्या हातात कधी होता? मजुरी छोट्या नाण्यातच मिळायची.

आपल्याकडे पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये चालत आणि सराफ प्रत्येकावर वेगळा बट्टा कापत. जर्मनीत हीच स्थिती शेकडो वर्षं होती. प्रत्येक राजा, बिशप, मोठं शहर आपली टांकसाळ चालवी. या राज्यांच्या 1857 च्या करारात ठरलं की 500 ग्रॅम शुद्ध चांदीतून 30 टालर पाडायचे, आणि 1871 नंतर मार्क आला. तेव्हाही राजांची तोंडं गेली नाहीत. दोन मार्कांपासून वरच्या नाण्यांच्या एका बाजूला साम्राज्याचा गरुड आणि दुसरीकडे बव्हेरियाचा, सॅक्सनीचा, वुर्टेम्बर्गचा आपापला राजा. म्हणून साम्राज्याची नाणी जमवणाऱ्याचं काम कधी संपत नाही. टालरही पटकन गेला नाही. एक टालर म्हणजे तीन मार्क, या हिशेबाने तो 1907 पर्यंत कायदेशीर चालला.

संध्याकाळी एका नाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मखमली ताट पुढे केलं आणि माझे हात बघितले. मी नाणं कडेवर, दोन बोटांत धरलं. त्यानंतर तो मोकळा बोलू लागला. जर्मन बाजारात नाण्याची प्रत सांगायचे ठरलेले शब्द आहेत. झेअर श्योन, म्हणजे शब्दशः फार सुंदर, पण व्यवहारात वापरलेलं आणि बरं दिसणारं. फोरत्स्युगलिश त्याच्या वरचं. श्टेम्पलग्लान्झ म्हणजे ठशाखालून आल्याची चमक अजून शाबूत. शब्दाचा अर्थ कोशात बघून खरेदी केली तर फसगत होते.

मी राणीचा रुपया दाखवला. त्याने भिंगातून तिच्या खांद्यावरचं पदक आणि मागच्या दोन डोक्यांच्या गरुडाची पिसं पाहिली. टांकसाळ ओळखायची ती याच बारकाव्यांवरून. मग तो म्हणाला, "हे ग्युन्झबुर्गचं नाही. नंतरचं आहे." मी म्हटलं, "हो, मुंबईचं." त्याने नाणं परत देताना दोन्ही हातांनी दिलं.

दिवस चौथा, मंगळवार : मायसन

लोकल गाडीने चाळीस मिनिटं. मायसनला लोक चिनी मातीची भांडी बघायला येतात, मी मातीची नाणी बघायला आले. पहिल्या महायुद्धानंतर धातूची चणचण होती. 1920-21 मध्ये सॅक्सनीसाठी इथल्या कारखान्याने लालसर तपकिरी मातीची नाणी भाजली, 20 फेनिगपासून 20 मार्कांपर्यंत, मागे कारखान्याची खूण, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. हाताला गुळगुळीत आणि गार लागतात, काचेवर टेकवली की टणत्कार येतो. ही माती योहान फ्रीडरिश ब्योट्गरने शोधली. सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या या किमयागाराला राजाने अडकवून ठेवलं होतं. सोनं झालं नाही, पण 1710 मध्ये इथे युरोपातला पहिला पोर्सेलिन कारखाना सुरू झाला, आणि दोनशे वर्षांनी त्याच्याच मातीचा पैसा झाला.

पाऊस लागला होता. लवकर परतलो.

दिवस पाचवा, बुधवार : मुल्डेनह्यूटन, फ्रायबेर्ग

ड्रेस्डेनहून फ्रायबेर्गला जाताना, गाव यायच्या थोडं आधी, मुल्डेनह्यूटन नावाचं छोटं स्थानक लागतं. ई अक्षराची टांकसाळ 1887 मध्ये ड्रेस्डेनहून इथे आली आणि 1953 पर्यंत चालली. साम्राज्याच्या काळातलं सर्वांत गाजलेलं चांदीचं नाणं इथलंच. 1917 मध्ये ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या चारशेव्या वर्षी शहाण्या फ्रीडरिशचं तीन मार्कांचं नाणं काढलं गेलं, आणि युद्धामुळे शंभरच नग पडले. खोटी त्याहून किती असतील याचा अंदाज करवत नाही. खिडकीतून नदीचा पूल, धुराडी, उतार दिसले. गाडी मिनिटभरच थांबली. मी भाच्याला हाताला धरून खिडकीशी आणलं होतं.

फ्रायबेर्गला 1168 मध्ये चांदी सापडली. ज्याला खणायचं त्याला खणू द्यावं असं जाहीर झालं आणि माणसांचा लोंढा आला. गावाच्या नावातला फ्राय म्हणजे मोकळा, तो तिथून. 1765 मध्ये इथे खाणविद्येची अकादमी निघाली. निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिचाच विद्यार्थी.

रायशे त्सेखे खाणीत आम्ही उतरलो. पिवळं हेल्मेट, रबरी बूट, लोखंडी पिंजऱ्यातून सुमारे 150 मीटर खाली. वाटाड्याने "ग्ल्युक आउफ" म्हणून नमस्कार केला, खाणकामगार एकमेकांना असंच म्हणतात. पुढे एका ठिकाणी त्याने दिवे बंद केले. मग तेलाच्या दिव्याएवढा एक बारीक उजेड लावला आणि सांगितलं की माणसं एवढ्या उजेडात छिन्नी-हातोड्याने दिवसभरात काही सेंटिमीटर पुढे सरकत. भिंतीवर त्या छिन्नीच्या तिरप्या रेघा ओळीने होत्या. मी त्यावर तळवा ठेवला. संग्रहालयात काचेमागे दिसणारी चांदी इथून, असल्या रेघांमधून वर आली. ब्राक्टेआट, टोपीवाला टालर, सगळं मला पुन्हा पहिल्यापासून बघावंसं वाटलं.

दिवस सहावा, गुरुवार : अन्नाबेर्ग

एर्झगेबिर्ग, म्हणजे धातूंचे डोंगर. अन्नाबेर्ग 1496 मध्ये केवळ चांदीसाठी वसवलं गेलं. संत आनाच्या चर्चमध्ये एक वेदी आहे, 1521 मध्ये हान्स हेसेने रंगवलेली. पुढच्या बाजूला देवादिकांची शिल्पं, आणि मागच्या बाजूला, खाणकामगारांनी स्वतःसाठी करून घेतलेली चित्रं : डोंगर खणणारे, खनिज धुणाऱ्या बायका, भट्टी, आणि टांकसाळीतला कारागीर. नाणं पाडायची जुनी रीत तिथे दिसते. खालचा ठसा ठोकळ्यात घट्ट रोवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा, आणि हातोडा. मी वेदीच्या मागे अर्धा तास उभी होते. आजोबांच्या हाताखाली यंत्रं होती, हातोडा नव्हता, पण चकती, ठसा आणि घाव तेच.

आडाम रीसचं घरही याच गावात. हा खाणींचा हिशेबनीस, अंकगणित सोप्या जर्मनमध्ये शिकवणारा. आजही जर्मन लोक बेरीज बरोबर आली की "आडाम रीसच्या हिशेबाने" म्हणतात. ज्या गावात इतक्या तऱ्हेची नाणी येत, तिथे हिशेब शिकवणाऱ्याचं नाव पाचशे वर्षं टिकलं यात मला नवल वाटत नाही.

दिवस सातवा, शुक्रवार : याखिमोव

सकाळी क्रान्त्सालला जाऊन वाफेच्या इंजिनाची छोट्या रुळांची गाडी पकडली. 1897 पासून ती 17 किलोमीटर डोंगर चढते आहे. माथेरानची आठवण आली, फक्त इथे दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं. ओबरवीझेनटालहून सीमा ओलांडली, बोझी दारला बस मिळाली आणि वळणावळणाने उतरत एका अरुंद दरीत शिरलो. आज हे चेक प्रजासत्ताकातलं याखिमोव. जर्मन नाव योआखिम्सटाल, संत योआखिमची दरी. टाल म्हणजे दरी.

1516 मध्ये इथे चांदी सापडली. जमीन श्लिक सरदारांची होती. 1520 च्या सुमाराला त्यांनी सॅक्सनीच्या धर्तीवर मोठं चांदीचं नाणं पाडायला घेतलं, एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. नाणी इतकी निघाली आणि इतकी दूर गेली की लोक त्यांना योआखिम्सटालर म्हणू लागले, दरीचं नाणं. मग नुसतं टालर. डच लोकांचा डालर, इंग्रजांचा डॉलर त्यातूनच. श्लिकांचं भाग्य फार टिकलं नाही. 1528 मध्ये राजा फर्डिनांडने नाणी पाडायचा हक्क काढून घेतला.

राजाची टांकसाळ आता संग्रहालय आहे. दगडी कमानींच्या तळघरात काचेखाली तो टालर होता. संत योआखिम काठी टेकून उभा, चेहरा झिजलेला.

चांदी संपल्यावरही या दरीने माणसाला सोडलं नाही. चांदीच्या खाणीत निघणारं काळं, जड, निरुपयोगी म्हणून फेकलेलं खनिज मारी आणि पिएर क्युरींनी मागवलं आणि 1898 मध्ये त्यातून रेडियमचा शोध लागला. आणि 1945 नंतर त्याच खनिजातल्या युरेनियमसाठी इथे राजकीय कैद्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. संग्रहालयात टालर पाहून वर आले आणि गावावरचे डोंगर पाहिले, तेव्हा त्या कैद्यांचं ओझं मनावरून उतरेना. टालरवर खूश होऊन आलेल्या माणसानेही त्यांच्यासाठी घडीभर थांबायला हवं, आम्ही थांबलो.

बाहेर बाकावर बसून मी चंची सोडली. भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. ताई ठाण्यात, रात्रीचं जेवण आटपून बसलेली. "दाखव ना आजोबांचा रुपया," ती म्हणाली. मी नाणं फोनसमोर धरलं, मागे टांकसाळीचं दार येईल असं. ऊन पडल्यामुळे राणीचा चेहरा नुसताच पांढरा दिसत होता. ताईने हात थोडा वळवायला सांगितलं, मग आणखी थोडा.

"हां, आता दिसली," ती म्हणाली. "आता दाराची पाटी वाचून दाखव."

मी चेक अक्षरं जमतील तशी वाचली.